वार्तेची मालकी

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर लंडन, कैरो, टोकियो अशा गावांच्या नावांनी सुरू होणाऱ्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्या तेथून आपल्यापर्यंत आल्या कशा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. नळाला पाणी यावे तशी वार्ता येते, असे आपण धरून चालतो. परंतु पाण्याला जसे धरण लागते, नळ लागतात, आणि त्या धरणाचा कोणीतरी धनी असतो, तसेच वार्तेचेही आहे. अग्रलेख संपादकाचा असतो, गावचे वृत्त पत्राच्या बातमीदाराचे असते. परदेशची वार्ता मात्र फार थोड्या पत्रांची स्वतःची असते. ती कोणाकडून तरी विकत घेतलेली असते, आणि त्या विकणाऱ्याने काय पाहिले व काय गाळले यावर आपले जगाविषयीचे ज्ञान अवलंबून राहते. हा वार्तेचा धनी कोण असावा, या प्रश्नापायी वृत्तपत्रांच्या मालकांनी देशोदेशी आणि पुढे देशादेशांत मिळून जे संघ उभारले, त्यांची हकीकत सांगण्याचे आम्ही येथे योजिले आहे. ही हकीकत वरवर पाहता व्यापाराची आहे. पण तिच्या पोटात स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, आणि तिचे एक प्रकरण आपल्या देशात घडलेले आहे.

तारायंत्र येण्यापूर्वी परदेशची बातमी जहाजाने येई, आणि ज्याच्या हाती परदेशची वर्तमानपत्रे आधी पडत तो बातमीत श्रीमंत ठरे. १८३५ साली पॅरिस येथे शार्ल हावास या गृहस्थाने परदेशी पत्रांतील मजकुराचे तर्जुमे करून ते गिऱ्हाइकांस पुरविण्याचा उद्योग आरंभिला. त्याच्या हाताखाली काम करून दोन जर्मन तयार झाले. एक बर्नहार्ट वोल्फ. याने १८४९ साली बर्लिनमध्ये आपले बिऱ्हाड थाटले. दुसरा पॉल ज्युलियस रॉयटर. आखेन आणि ब्रसेल्स या दोन शहरांमध्ये तारेत खंड होता. तो रॉयटरने १८५० साली कबुतरांच्या पायी चिठ्ठ्या बांधून भरून काढला, आणि पुढल्याच वर्षी इंग्लंड व फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राखालून तार पडली तेव्हा तो लंडनला येऊन बसला. तिघांचाही माल एकच होता: बाजारभाव आणि राजदरबारची बातमी.

तारेचा खर्च मात्र जबर होता. १८६५ साली इराणच्या आखातातून हिंदुस्थानपर्यंत तार पोहोचली, तेव्हा वीस शब्दांच्या संदेशास सुमारे पाच पौंड पडत. अशा मोलाची बातमी एकट्याने मिळवावी, आणि दुसऱ्यानेही तीच तेवढेच द्रव्य खर्चून मिळवावी, हे तिघांनाही परवडण्यासारखे नव्हते. म्हणून १८५९ पासून त्यांनी आपापसांत बातम्यांची देवघेव सुरू केली, आणि १८७० सालच्या जानेवारीत एक करारनामा करून जगाची सरळ वाटणी करून टाकली. फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण अमेरिका हावासकडे. जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया आणि उत्तर युरोपातील देश वोल्फकडे. ब्रिटिश साम्राज्य आणि अतिपूर्वेकडील मुलूख रॉयटरकडे. एकाच्या मुलखात दुसऱ्याने आपली वार्ता थेट विकू नये, हे या करारातील मर्माचे कलम होते. रोमच्या पत्राला लंडनची बातमी हवी असेल तर ती त्याने हावासकडून घ्यावी. मुंबईच्या पत्राला पॅरिसची हवी असेल तर ती रॉयटरच्या हातून घ्यावी. हिंदुस्थानातील किंवा ब्राझीलमधील पत्रकर्त्यांस अर्थातच कोणी विचारले नव्हते. जमिनीच्या वाटण्या पुष्कळांनी केल्या आहेत. त्या जमिनीवर काय घडले ते सांगण्याच्या हक्काची वाटणी ही त्या काळची नवी कल्पना होय.

या वाटणीत हिंदुस्थान कोठे पडला हे सांगावयास नकोच. १८६६ साली हेन्री कॉलिन्स हा रॉयटरचा माणूस मुंबईस येऊन दाखल झाला. १८७० साली तांबड्या समुद्रामार्गे मुंबईपर्यंत समुद्रतार आली, आणि ‘रॉयटरची तार’ हा शब्द शहाण्यासुरत्या घरांतून बोलण्यात येऊ लागला. जगाची वार्ता हिंदुस्थानात आणणारा आणि हिंदुस्थानची वार्ता जगात नेणारा एकच. जपानने रशियाचा पराभव केला, तुर्कस्थानात क्रांती झाली, आयर्लंडात बंड झाले, हे सारे आपण लंडनच्या खिडकीतून पाहिले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी केशवचंद्र रॉय यांच्यासारख्या कर्तबगार पत्रकाराने देशांतर्गत वार्तेसाठी असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया ही संस्था उभी केली. पण तीही अखेर रॉयटरच्याच ताब्यात गेली. मराठी पत्रांची स्थिती तर दुहेरी परावलंबनाची होती. तार इंग्रजीत येई. मराठी उपसंपादक तिचा तर्जुमा करी. आणि ज्या छोट्या पत्राला तारेची वर्गणी झेपत नसे ते इंग्रजी पत्रातील तार दुसऱ्या दिवशी उतरून घेई. मराठी वाचकास अग्रलेखात सरकारची खरमरीत झाडाझडती वाचावयास मिळे; पण शेजारच्या स्तंभातील परदेशची तार त्याच साम्राज्याच्या राजधानीत बसलेल्या माणसाने निवडलेली असे. मताच्या स्वातंत्र्यासाठी आमचे संपादक तुरुंगात गेले. वार्तेच्या परतंत्रतेकडे मात्र त्या मानाने फार थोड्यांचे लक्ष गेले.

आता दुसरी बाजू पाहू. वार्ता विकणाऱ्या दुकानदाराच्या हाती न जाता पत्रांच्या मालकांनीच एकत्र येऊन खर्च वाटून घ्यावा, ही कल्पना अमेरिकेत निघाली. १८४६ साली मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले तेव्हा रणभूमीवरची बातमी लवकर आणण्यासाठी न्यूयॉर्कच्या पाच पत्रांनी घोडेस्वारांच्या टप्प्यांचा खर्च मिळून सोसला. असोसिएटेड प्रेस या संघाचे ते बीज. इंग्लंडातही असेच झाले. तेथील खासगी तारकंपन्या बाहेरगावच्या पत्रांस मन मानेल तशी बातमी मन मानेल त्या दराने देत. कंटाळून या पत्रांच्या मालकांनी १८६८ साली प्रेस असोसिएशन स्थापन केली, आणि १८७० साली तारा सरकारच्या मालकीच्या होताच आपले काम सुरू केले.

या संघांची घटना समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढील सर्व संघ याच साच्यातून निघाले. सभासद फक्त पत्रांचे मालक. वार्ता मिळविण्याचा जो खर्च होईल तो पत्राच्या आकारमानाप्रमाणे सर्वांवर वर्गणीरूपाने बसवावयाचा. मोठ्याने अधिक द्यावे, लहानाने थोडे. नफा वाटावयाचा नाही. उरले तर ते अधिक वार्ता मिळविण्याकडे लावावयाचे. अमेरिकेतील संघात आणखी एक नियम होता, तो म्हणजे प्रत्येक सभासदाने आपल्या गावची बातमी संघाच्या स्वाधीन करावी. यामुळे शेकडो पत्रांचे बातमीदार हे आपोआप संघाचे बातमीदार होत. आणि एकाच तारेवर निरनिराळ्या पक्षांची पत्रे जगत असल्यामुळे ती तार कोणत्याही एका पक्षाची राहून चालत नसे. निःपक्षपातीपणा हा सद्गुण म्हणून आला असेल वा नसेल, गरज म्हणून तो खास आला.

परंतु सहकारातही मक्तेदारीचे विष शिरू शकते. अमेरिकेचा हा संघ वरील तिघांच्या वाटणीत धाकटा भागीदार म्हणून सामील झालेला होता. त्यामुळे आपल्या देशाबाहेर वार्ता पुरविण्यास त्याचे हात बांधलेले होते. १९१४ साली महायुद्ध जुंपले तेव्हा ब्वेनोस आयरेस येथील ‘ला नासिओन’ या पत्राला जर्मन सैन्याची अधिकृत निवेदनेही हवी होती. हावास ती पुरवीना, म्हणून या पत्राने अमेरिकन संघाकडे मागणी केली. पण दक्षिण अमेरिका हावासच्या वाटणीची! संघाला होकार देता येईना. केंट कूपर हा या संघाचा एक अधिकारी. पुढे तो त्याचा मुख्य व्यवस्थापक झाला. त्याच्या मनास ही गोष्ट लागून राहिली. लंडन व पॅरिस यांच्या तारांतून अमेरिकेचे जे दर्शन जगाला घडते ते खून, दंगे आणि रानटीपणा यांचेच असते, अशी त्याची तक्रार होती. हीच तक्रार आपण हिंदी लोक अमेरिकन व इंग्रज पत्रांविषयी करीत आलो आहोत, हे ध्यानात घेतले म्हणजे या दुखण्याचे मूळ कोठे आहे ते कळते. ज्याचे वर्णन दुसरा करतो त्याचे व्यंगच आधी दिसते, मग तो कितीही बलाढ्य असो. कूपरने १९३३ साली जपानच्या रेंगो या संस्थेशी परभारे करार केला, आणि १९३४ साली रॉयटरने नवा करार मान्य केला. चौसष्ट वर्षांची वाटणी त्या दिवशी मोडली.

मात्र जगाचे दरवाजे उघडा म्हणणाऱ्या या संघाचा घरचा दरवाजा बंदच होता. एखाद्या शहरातील जुन्या सभासदाने मनात आणले तर त्याच्या नव्या प्रतिस्पर्ध्याला संघात शिरणे जवळजवळ अशक्य व्हावे, असे त्याचे नियम होते. १९४१ साली निघालेल्या ‘शिकागो सन’ या पत्रास असाच नकार मिळाला. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९४५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे नियम मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध असल्याचा निर्णय दिला. मुद्रणस्वातंत्र्य हे मुद्रकाचे इतरांस दडपण्याचे स्वातंत्र्य नव्हे, हा त्या निर्णयाचा मथितार्थ. पत्रांच्या मालकांनी आपल्या कचेरीच्या भिंतीवर लावावा असा तो आहे.

इकडे रॉयटरचेही रूप पालटत होते. १९१५ साली संस्थापकाच्या मुलाने आत्महत्या केली, आणि त्यानंतर सर रॉडरिक जोन्स यांच्या हाती सूत्रे आली, ती ब्रिटिश सरकारच्या पडद्याआडच्या पाठबळाने. हेच गृहस्थ पहिल्या महायुद्धात सरकारच्या प्रचारखात्यातही काम करीत होते. वार्ता देणारा आणि प्रचार करणारा एकाच खुर्चीवर बसला म्हणजे ऐकणाऱ्याने काय समजावे? १९२५ साली प्रेस असोसिएशनने रॉयटरचे बहुसंख्य भाग विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४१ साली, जोन्स यांनी राजीनामा दिला, लंडनच्या मोठ्या पत्रांचे मालक बरोबरीने भागीदार झाले, आणि संस्थेचा विश्वस्तपत्राने बंदोबस्त करण्यात आला: ती कोणा एका हितसंबंधाच्या, गटाच्या वा पक्षाच्या हाती कधीही जाऊ नये, आणि तिची सचोटी व निःपक्षपात अबाधित राहावा. १९४७ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील पत्रांचे संघही भागीदार झाले. एका व्यापाऱ्याची पेढी अशा रीतीने निरनिराळ्या देशांतील पत्रमालकांचा संघ बनली.

या संघात हिंदुस्थान कसा गेला, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊन मुंबईस यावे लागेल. तेथे एस. सदानंद या जिद्दी पुरुषाने १९२० नंतरच्या दशकात फ्री प्रेस ही राष्ट्रीय वृत्तीची वार्तासंस्था काढली. रॉयटरखेरीज दुसऱ्या डोळ्यांनी देशाला पाहता यावे, हा तिचा हेतू. परंतु सरकारच्या छापखानाविषयक वटहुकमांच्या धाकाने पत्रे तिच्या तारा छापण्यास कचरू लागली. तेव्हा सदानंदांनी आपली वार्ता आपणच छापावी म्हणून १९३० साली मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’ हे दैनिक सुरू केले. सरकारने जामिनकीच्या रकमा मागितल्या व जप्त केल्या. हे अपेक्षितच होते. पण आपल्यांतूनही आधार सुटला. जो आम्हांला वार्ता पुरवितो तोच आमच्या शेजारी पत्राचे दुकान मांडतो, ही गोष्ट इतर मालकांना रुचणे शक्य नव्हते. १९३५ च्या सुमारास ही संस्था बंद पडली. सदानंदांच्या धैर्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्यांच्या अपयशातून जो धडा मिळतो तोही निःसंकोचपणे सांगितला पाहिजे. सर्वांची विहीर एकाच्या अंगणात असून चालत नाही, मग तो एक कितीही भला असो.

तो धडा वाया गेला नाही. १९३९ साली पत्रांच्या मालकांची संस्था स्थापन झाली, आणि स्वातंत्र्य दृष्टिपथात येताच राष्ट्रीय वार्तासंस्थेचा विचार तिच्यात होऊ लागला. २७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर बारा दिवसांनी, मद्रास येथे प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया या संस्थेची नोंदणी झाली. घटनापत्रावर सही करणाऱ्यांत ‘हिंदू’चे कस्तुरी श्रीनिवासन होते, ‘आनंद विकटन’चे वासन होते, आणि मुंबईचे सदानंदही होते! ज्याची संस्था एकट्याची म्हणून बुडाली त्याने सर्वांच्या संस्थेच्या पायाभरणीस हात लावावा, यात त्या माणसाचे मोठेपण आहे. भागधारक केवळ पत्रेच असावीत आणि नफा वाटू नये, हे जुने तत्त्व येथेही होते.

१ फेब्रुवारी १९४९ पासून रॉयटरचा हिंदुस्थानातील कारभार या संस्थेने आपल्याकडे घेतला, आणि त्याच वेळी ती स्वतः रॉयटरची भागीदार झाली. ज्या पेढीचा देश ऐंशी वर्षे गिऱ्हाईक होता तिच्या मालकांत तो आता बसला. त्या वेळी या गोष्टीवर दोन तट पडावेत हे साहजिकच होते. एक म्हणे, घरात शिरूनच घर बदलता येते. दुसरा म्हणे, पाहुण्याला पाट मिळाला म्हणून स्वयंपाक त्याच्या हाती येत नाही. भागीदारी चारच वर्षे टिकली. १९५३ साली प्रेस ट्रस्ट तीतून बाहेर पडली, आणि पुढे रॉयटरची वार्ता तिने भागीदार म्हणून नव्हे तर ग्राहक म्हणून घेतली.

१९८४ साली रॉयटरचे भाग खुल्या बाजारात विकले गेले, आणि जुन्या भागीदार पत्रांना त्यात अलोट पैसा मिळाला. आपण १९५३ साली बाहेर पडून हे घबाड घालविले, असे आज कोणी म्हणेल. आम्हांस ते म्हणणे पटत नाही. नफा वाटावयाचा नाही या अटीवर उभ्या राहिलेल्या संघाची किंमत त्याच्या विक्रीवरून ठरविणे, म्हणजे देवळाची किंमत त्याच्या जागेच्या भावाने करण्यासारखे आहे. खरा प्रश्न वेगळाच आहे. भागीदारीने लंडनच्या तारेत आपल्याला बोलण्याचा हक्क दिला. पण नैरोबीत, जकार्तात, मॉस्कोत आपला माणूस ठेवण्याचा खर्च आपण करू शकलो का? मालकी ही कागदावरील सहीने येते; दृष्टी मात्र त्या त्या ठिकाणी आपले डोळे ठेवल्याशिवाय येत नाही. ज्याला डोळे ठेवणे परवडत नाही त्याला भागीदार होऊनही दुसऱ्याने पाहिलेलेच वाचावे लागते.

मालकीनेही सर्व भागते असे नाही, हे देशाने पुढे अनुभवले. १९७६ सालच्या फेब्रुवारीत, आणीबाणीच्या काळात, प्रेस ट्रस्टसह चार वार्तासंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था करण्यात आली. १९७८ साली त्या पुन्हा वेगळ्या झाल्या. पत्रांचा संघ व्यापाऱ्याच्या मक्त्यापासून वार्तेचे रक्षण करू शकतो. राज्यसत्तेपासून रक्षण करावयाचे तर आणखी कशाची तरी जोड लागते. ती जोड पुरविण्यासाठी निराळ्या प्रकारचा संघ निघाला होता. १९४८ साली, जर्मन अमलाखाली चोरून पत्रे छापणाऱ्या फ्रेंच व डच लोकांच्या पुढाकाराने, पॅरिस येथे पत्रप्रकाशकांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. तो वार्ता पुरवीत नाही. पत्रांच्या स्वातंत्र्यावर घाला पडला की जगापुढे ओरड करतो. छळ सोसणाऱ्या पत्रकारांस १९६१ पासून तो सुवर्णलेखणी अर्पण करीत आला आहे. पहिली तुर्कस्थानचे अहमद एमीन यालमन यांना मिळाली. २००९ साली मुद्रणतंत्राच्या एका संस्थेशी एकरूप होऊन तो आजही चालू आहे. एका जातीचा संघ खर्च वाटून घेतो, दुसऱ्या जातीचा संकट वाटून घेतो. पत्रांना दोन्हींची गरज आहे.

आज तारेचा खर्च जवळपास उरलेला नाही. क्षणार्धात कोणतीही ओळ जगाच्या पाठीवर कोठेही जाते. यावरून कित्येकांस वाटते की वार्तेची मालकी हा प्रश्नच आता संपला. आमच्या मते स्वस्त झाले आहे ते वार्ता पाठविणे. वार्ता मिळविणे नव्हे. युद्धाच्या जागी माणूस उभा करणे, त्याने पाहिलेले दोनदा पडताळणे, आणि चुकले तर जबाबदारी घेणे, या गोष्टींना १८४६ साली जसा पैसा लागे तसाच आजही लागतो. आणि तो जो देतो, त्याच्याच डोळ्यांनी आपण जग पाहतो. म्हणून वाचकाने बातमीच्या मथळ्यावर लोभावण्यापूर्वी तिच्या आरंभी वा अखेरीस बारीक अक्षरांत छापलेले संस्थेचे नाव एकदा पाहावे, आणि हिचा धनी कोण, हे स्वतःला विचारावे. इतके केले तरी वाचनाची निम्मी सावधगिरी साधली असे आम्ही समजू.